रेडिओच्या पोटातलं गाव

झुमरी तलैया हे गाव नकाशावर आहे, असं सांगितलं की आमच्याकडे लोक आधी हसतात. मग विचारतात, 'म्हणजे खरंच आहे?' यात त्यांचा काही दोष नाही. ज्यांचं लहानपण रेडिओच्या आसपास गेलं, त्यांच्या कानात हे नाव इतक्या वेळा पडलंय की ते निवेदकांनीच विनोदासाठी रचलं असावं, अशी पुष्कळांची समजूत असते. गाणं लागायच्या आधी, पत्राने त्याची फर्माइश करणाऱ्या श्रोत्यांच्या नावांची लांबलचक यादी वाचली जायची आणि यादीत कुठेतरी, बहुतेक वेळा पहिल्याच दोन-तीन नावांत, झुमरी तलैया यायचंच. आपल्याकडे 'आपली आवड'मध्येही अशाच याद्या असत. पण तिथली गावं ओळखीची, कुणाचं तरी आजोळ, कुणाचं तरी सासर. झुमरी तलैया मात्र कुणाचंच आजोळ नव्हतं. पुढे हिंदी हास्यकवींनी ते आडगावाचं टोपणनाव करून टाकलं आणि उरलासुरला खरेपणाही गेला.

गाव झारखंडात आहे, कोडरमा जिल्ह्यात. मुंबईहून प्रयागराजमार्गे कोलकात्याला जाणारी मेल धरली तर गया सोडल्यावर गाडी बिहारचं सपाट मैदान मागे टाकून चढाला लागते. साल आणि पळसाचं जंगल, मधेच बोगदे, वळणावर दिसणारं आपल्याच गाडीचं इंजिन. कसारा घाट पाहिलेल्या माणसाला हा चढ साधाच वाटेल, पण छोटा नागपूरचं पठार इथे सुरू होतं. घाट संपला की थोड्याच वेळात स्टेशन येतं. त्याच्या पाटीवर झुमरी तलैया नाहीच, 'कोडरमा जंक्शन' असं लिहिलेलं. मूळचं कोडरमा गाव काही किलोमीटरवर आहे आणि स्टेशनाभोवती जे वाढलं ते हे आपलं झुमरी तलैया. स्थानिक लोक 'तिलैया' म्हणतात, झुमरी बहुधा गाळूनच टाकतात. २०११च्या जनगणनेत इथली वस्ती ८७ हजारांच्या घरात होती. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावापेक्षा मोठंच, पण बाजारात फिरताना तसं वाटत नाही. स्टेशन रोड, झंडा चौक, मोबाइलची आणि साड्यांची दुकानं, कोचिंग क्लासचे फलक. रांची-पाटणा रस्त्यावरचे ट्रक. बघण्यासारखं काय, असं कुणी विचारलं तर हे गाव पटकन उत्तर देणार नाही.

उत्तर पायाखाली मात्र असतं. गाव सोडून जंगलाच्या दिशेने निघालं की रस्त्याच्या कडेची माती चमकायला लागते. सकाळच्या तिरप्या उन्हात तर इतकी, की काच फुटून पडलीय असंच वाटावं. चिमूटभर उचलली तर बोटांना काच लागत नाही, कोंड्यासारखे हलके, मऊ कपटे लागतात. हा अभ्रक. इथले लोक त्याला अबरख म्हणतात, नाहीतर सरळ माइका.

कोडरमा, गिरिडीह, हजारीबाग, आणि बिहारच्या बाजूला नवादा, गया, असा हा अभ्रकाचा पट्टा पसरला आहे. जमिनीच्या खोल पोटात तापलेला, पाणी आणि वायूंनी भरलेला रस जुन्या खडकांच्या भेगांत शिरला आणि फार सावकाश थंड झाला. सावकाश झाला म्हणून त्यातले स्फटिक मोठे वाढले. या शिरांना पेग्मटाइट म्हणतात. त्यात गारगोटी, फेल्डस्पार आणि मधे मधे अभ्रकाचे गठ्ठे. व्यापारात या गठ्ठ्याला 'बुक' म्हणतात आणि ते नाव चपखल आहे, कारण त्याची पानं सुटतात. एकेक, सलग, न तुटता. इथला अभ्रक तांबूस झाकेचा. जाड तुकडा उजेडात धरला की माणकाचा रंग दिसतो, म्हणून जगाच्या बाजारात त्याचं नाव 'बंगाल रुबी' किंवा 'बिहार रुबी'. (आपले वैद्य ज्याचं भस्म करतात, शंभर पुटं, हजार पुटं देतात, तो काळा अभ्रक. तो निराळा. झुमरीत मी अभ्रकभस्माचा विषय काढला तेव्हा समोरच्या व्यापाऱ्याने, चांगला माल जाळतात कशाला, अशा नजरेने माझ्याकडे बघितलं.)

अभ्रक सोलताना बघायला मिळाला तो एका जुन्या घराच्या ओसरीवर. पूर्वी इथे घरोघरी हे काम चाले. कारखान्यातून वजन करून माल घरी आणायचा, सोलून परत द्यायचा. आता ते जवळजवळ संपलंय, पण हात विसरत नाहीत. सत्तरीच्या पुढची एक बाई. पायाच्या अंगठ्याजवळ विळ्याच्या घाटाचं छोटं पातं, मांडीवर अभ्रकाचा तळहाताएवढा तुकडा. तिने तुकड्याची कड आधी पात्याने तिरकी छाटली, म्हणजे पापुद्र्यांची टोकं पायरीपायरीने मोकळी झाली. मग पात्याचं टोक एका पायरीत शिरवलं, मनगट जरासं वळवलं, आणि चिरोट्याचा पदर सुटावा तसा एक पापुद्रा अलगद वर आला. तिने तो बाजूला ठेवला आणि तेच पुन्हा. बघता बघता एका तुकड्याचे वीस-पंचवीस पदर झाले. मी एक उचलून वर्तमानपत्रावर ठेवला तर खालचं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. चांगल्या सोलणीत एक पापुद्रा मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाइतका पातळ निघतो. मोजायला तिच्याकडे काही यंत्र नव्हतंच. जाड निघाला की बोटाला कळतो, म्हणाली, आणि जाड माल कारखान्याचा मुन्शी परत करायचा. पैसे कापायचा ते वेगळंच.

आणि मग प्रतवारी. ही मला फार आवडली. अभ्रकाच्या तुकड्यातून डाग-चिरा वगळून केवढा चौकोन निघेल, त्यावर त्याचा दर्जा ठरे. एक चौरस इंचाचा निघाला तर सहा नंबर. मोठा होत गेला की पाच, चार, तीन, दोन, एक. त्याच्यावर 'स्पेशल'. एवढ्यावर इंग्रजांचं समाधान झालं नाही. स्पेशलवर 'एक्स्ट्रा स्पेशल', त्यावर 'एक्स्ट्रा एक्स्ट्रा स्पेशल', त्यावर 'ओव्हर एक्स्ट्रा एक्स्ट्रा स्पेशल', आणि शंभर चौरस इंचांच्या वरचा तुकडा म्हणजे 'ओव्हर ओव्हर एक्स्ट्रा एक्स्ट्रा स्पेशल'. हा आकाराचा हिशेब. डागांचा वेगळा: स्वच्छ, किंचित डागी, बरा डागी, डागी, अती डागी. जुने व्यापारी अजूनही ही नावं एका दमात म्हणून दाखवतात, आपल्याकडे पाढे म्हणत तशी.

एवढा आटापिटा कशासाठी? तर अभ्रकातून वीज जात नाही, तो तापला तरी जळत नाही, वाकवला तरी मोडत नाही आणि हवा तेवढा पातळ सुटतो. हे चारही गुण एकत्र असलेला पदार्थ माणसाला तोवर दुसरा मिळाला नव्हता. ज्यांनी घरची जुनी इस्त्री उघडलीय, त्यांनी तो बघितलाय. चपट्या तारेचं वेटोळं ज्या पिवळसर पानाभोवती गुंडाळलेलं असतं, ते पान अभ्रकाचं. मोटर आणि जनरेटर यांच्या फिरत्या भागात तांब्याच्या पट्ट्या एकमेकींपासून वेगळ्या ठेवायला अभ्रक. त्यासाठी छोटे पापुद्रे लाखेने चिकटवून मोठे पत्रे करत. गंमत म्हणजे ती लाखही याच पठारावरची, पळस आणि कुसुमाच्या झाडांवरची. म्हणजे एकाच जंगलात वर लाख आणि खाली अभ्रक, आणि दोन्ही एकत्र होऊन कुठल्यातरी परदेशी कारखान्यातल्या मोटरीत फिरत.

अभ्रक या डोंगरांत आहे हे इथल्या लोकांना आधीपासून माहीत होतं. पण १९०६ मध्ये ग्रँड कॉर्ड ही रेल्वेवाट सुरू झाली आणि कोलकात्याचं बंदर एकदम जवळ आलं. त्यानंतर खाणी, कोठारं आणि सोलणीचे कारखाने वाढत गेले. डोमचांचला क्रेस्टिएन कंपनी, तिलैयात भदानी कुटुंबाची पेढी. भदानींना लोक 'माइका किंग' म्हणत आणि त्यांच्या मोटारींच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात. त्यातल्या किती खऱ्या ते त्यांनाच ठाऊक, पण त्या काळच्या कोठ्या आहेत. मोठे दरवाजे, रंग उडालेल्या जाळ्या, आतल्या चौकात वाळत घातलेले कपडे. दुसऱ्या महायुद्धात तर अभ्रक दारूगोळ्याच्या बरोबरीचा झाला. विमानं, रडार, बिनतारी यंत्रं, सगळ्यांना तो लागे. ब्रिटन आणि अमेरिका यांनी मिळून हिंदुस्थानातला अभ्रक खरेदी करायला एक खास संयुक्त मिशन नेमलं होतं. जगाला लागणाऱ्या सोलीव अभ्रकाचा फार मोठा वाटा त्या वेळी इथून जाई.

खाणी मात्र आपण डोळ्यांसमोर आणतो तशा नव्हत्या. अभ्रकाची शीर जाईल तिकडे जाणारी अरुंद बिळं. वाकडीतिकडी, कधी उभी, कधी आडवी. शिडीवर एकाच्या वर एक माणसं उभी राहायची आणि खालून माल-पाणी हातोहात वर यायचं. १९४६ मध्ये अभ्रक खाणकामगारांच्या कल्याणनिधीचा कायदा झाला, निर्यातीवर उपकर बसला. त्या पैशातून करमा इथे कामगारांसाठी रुग्णालय उभं राहिलं. त्या काळच्या मानाने ही मोठीच गोष्ट होती. पण घरी बसून सोलणाऱ्या बाईचं काय, तिला खाणकामगार म्हणायचं की नाही, हा प्रश्न उरलाच असणार. कागदावर ती बहुधा कुणीच नव्हती.

आता रेडिओकडे येतो.

आमच्या घरी व्हॉल्व्हचा, म्हणजे आत काचेचे दिवे असलेला, मर्फी रेडिओ होता. लावला की लगेच बोलत नसे. आधी डायल उजळायची, मग आतून गरम धुळीचा वास यायचा, मग आवाज. असा एखादा व्हॉल्व्ह जुन्या बाजारात अजून मिळतो. तो हातात घेऊन काचेतून बघितलं तर आत तारा, जाळ्या, नळ्या उभ्या केलेल्या दिसतात. त्यांना वरून-खालून धरून ठेवणारी, कडेला दाते असलेली एक पारदर्शक चकती असते. ती धातूची असून चालत नाही, वीज जाईल. कागद-प्लास्टिकची चालत नाही, जळेल. ती अभ्रकाची. तिला सुईच्या टोकाएवढी भोकं पाडून त्यात आतला सगळा पसारा अडकवलेला. त्याशिवाय स्टेशन नेमकं लागावं म्हणून जे कपॅसिटर असत, त्यातही अभ्रकाचे पदर. म्हणजे 'झुमरी तलैया से' हे शब्द ज्या रेडिओतून बाहेर पडत होते, त्या रेडिओच्या आत झुमरी तलैयाचा अभ्रक असण्याची शक्यता चांगलीच दाट होती. हे लक्षात आल्यावर माझं त्या गावाशी असलेलं विनोदाचं नातं संपलं.

फर्माइशीचं वेड तिथे का लागलं याच्या गोष्टी पुष्कळ आहेत. पण त्यांच्या मुळाशी एक मराठी माणूस आहे, हे मला आवर्जून सांगावंसं वाटतं. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे कट्टर अभिमानी. सिनेसंगीताने लोकांची अभिरुची बिघडते असं त्यांचं मत, आणि त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळपास हद्दपारच झाली. लोकांनी काय केलं? सुई फिरवली आणि रेडिओ सिलोन, म्हणजे श्रीलंकेतलं कोलंबोचं केंद्र, लावलं. युद्धकाळात उभारलेला तिथला शक्तिशाली लघुलहरी प्रक्षेपक भारतभर स्वच्छ ऐकू येत असे. १९५२च्याच डिसेंबरात सिलोनवर अमीन सायानींचा 'बिनाका गीतमाला' हा सिनेगीतांचा कार्यक्रम सुरू झाला. पुढे १९५७च्या ऑक्टोबरात आकाशवाणीने विविध भारती सुरू केली, ती बरीचशी या सिलोनवर गेलेल्या श्रोत्यांना परत आणण्यासाठी. केसकरांचा हेतू चांगला होता हे मी मान्य करतो. पण गाणं बंद केलं की लोक गाणं सोडतील, हा हिशेब जो करतो त्याने लोक बघितलेले नसतात. केसकरांनी दार लावलं नसतं, तर तिलैयाची पोस्टकार्डं कोलंबोला कशाला गेली असती?

पोस्टकार्डं मात्र गेली, आणि भरमसाट गेली. बाजारातल्या दोन-तीन हौशी मंडळींनी सुरुवात केली असं सांगतात. मग चुरस लागली. आज तुझं नाव आलं, उद्या माझं आलं पाहिजे. रेडिओ क्लब निघाले. नाव-पत्ता छापलेली कार्डं तयार करून घेतली गेली, फक्त गाण्याची जागा कोरी. एकाने म्हणे आपली कार्डं आधी जावीत आणि दुसऱ्याची मागे राहावीत अशी टपालात सोय लावली होती. ही गोष्ट मला तीन जणांनी तीन वेगवेगळ्या माणसांच्या नावावर सांगितली, तेव्हा ती गावाचीच म्हणावी हे बरं. कुणी घरच्या सगळ्यांची नावं घाली, मित्रांची घाली, आणि जिच्याशी लग्न व्हावं असं वाटे तिचंही आपल्या नावाला लागून घाली. छत्तीसगडचं भाटापारा आणि राजनांदगाव हीसुद्धा याच पंथातली गावं, पण तिलैयासारखं नाव त्यांना लाभलं नाही. झुमरी तलैया म्हणताना जीभच नाचते, निवेदकांनाही ते म्हणायला आवडत असणार.

हे सगळं तिथले जुने लोक रंगवून सांगतात. अभ्रकाचं विचारलं की मात्र दोन वाक्यांत संपवतात. मला हे सुरुवातीला खटकलं, मग हळूहळू उमजलं. ज्यांची नावं रेडिओवर आली ते बाजारातले होते: दुकानदार, पेढीवरचे कारकून, त्यांची कॉलेजात जाणारी पोरं. ज्यांना लिहिता येत होतं, कार्डाला पैसे होते आणि संध्याकाळी रेडिओजवळ बसायला सवड होती. ओसरीवरच्या त्या बाईला मी विचारलं, तुम्ही कधी फर्माइश धाडली होती का? ती सुनेकडे बघून हसली. तिच्या घरी रेडिओच नव्हता. मालकाच्या कारखान्यात सोलणी करताना कधीमधी ऐकू यायचा, तेवढाच. रेडिओत अभ्रक असतो हे तिला ठाऊक होतं का? होतं, म्हणाली. मुन्शी सांगायचा, नीट सोला, हा माल रेडिओत जाणार आहे.

गावाचं नाव गाजवणारे आणि गावाचा माल घडवणारे अशी ही दोन तिलैया होती, एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना. यादी वाचली गेली ती एकीचीच.

आता यातला सगळ्यात विचित्र भाग. फर्माइशीचा बहराचा काळ साठ-सत्तरच्या दशकातला. तो आला ट्रान्झिस्टरमुळे. रेडिओ स्वस्त झाला, सेलवर चालायला लागला, वीज नसलेल्या खेड्यात गेला, सायकलच्या हँडलला अडकला. आणि ट्रान्झिस्टर म्हणजे काय, तर व्हॉल्व्हची हकालपट्टी. १९४७च्या अखेरीस अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत त्याचा शोध लागला तेव्हा कोडरम्याच्या जंगलात कुणाला त्याचं सोयरसुतक असायचं कारण नव्हतं. पण काचेचा दिवा गेला, त्यातली चकती गेली. कपॅसिटरमध्ये सिरॅमिक आणि प्लास्टिकची पातळ फीत आली. तुटक्या अभ्रकाचा लगदा करून त्याचा कागद बनवायची युक्ती निघाली, म्हणजे हाताने सोललेल्या मोठ्या अखंड पानाची गरज कमी झाली. तिलैयाचं नाव रेडिओवर सगळ्यात जास्त वाजत होतं, नेमकी तीच वर्षं तिलैयाचा अभ्रक रेडिओतून बाहेर पडत होता. बाजारातल्या कुणाला तेव्हा हे जाणवलं होतं का, असं मी विचारून पाहिलं. 'रशिया था न,' एक जण म्हणाला.

रशिया होता हे खरंच. सोव्हिएत संघ मोठा गिऱ्हाईक होता. सत्तरच्या दशकात सरकारने अभ्रकाच्या निर्यातीसाठी 'मिटको' नावाची स्वतंत्र कंपनी काढली, आणि तिच्यामार्फत माल तिकडे जात राहिला. मग १९८० मध्ये वनसंवर्धन कायदा आला. बहुतेक खाणी राखीव जंगलात होत्या, भाडेपट्ट्यांचं नूतनीकरण अडलं, एकेक करत खाणी बंद पडल्या. आणि १९९१ मध्ये सोव्हिएत संघच राहिला नाही. तीन बाजूंनी आलेले हे तीन फटके. कायद्याला दोष देणारे गावात पुष्कळ भेटतात. मला तो पूर्ण पटत नाही. जंगल वाचवायला हवंच होतं आणि मोठ्या पानाची मागणी तशीही आटतच चालली होती. पण खाण बंद करणाऱ्याने खाणीवर जगणाऱ्याचं पुढे काय, याचा विचार केला नाही, हे म्हणणं मात्र नाकारता येत नाही.

त्यांनी स्वतःच विचार केला. खाणी बंद पडल्या तरी त्यांच्या तोंडाशी शंभर वर्षांचा टाकाऊ माल डोंगरासारखा पडून होता. छोटे तुकडे, कपचे, चुरा. याला इथे 'ढिबरा' म्हणतात. ज्या मालाकडे पूर्वी कुणी ढुंकून बघत नव्हतं, त्याला नव्वदनंतर भाव आला, कारण जगाला आता अभ्रकाची पूड हवी होती. मोटारीच्या रंगातली झळाळी, लिपस्टिकची चमक, पापण्यांवरची चंदेरी छटा, टूथपेस्टमधली लकाकी. पान अखंड असण्याची गरजच नाही. मग अख्खी घरंच्या घरं टोपल्या आणि छोट्या कुदळी घेऊन जंगलात जाऊ लागली. ढोढाकोलाच्या बाजूला सकाळी गेलं तर माणसं दिसतात, बायका जास्त. वरचं वेचून संपलं की कडेने आत शिरतात, एक माणूस जेमतेम मावेल असं बीळ करतात. आधार काही नसतो. पावसाळ्यानंतर माती बसते.

लहान मुलांचं अंग छोटं, ती आत जाऊ शकतात. हे वाक्य मला तिथे एका माणसाने अगदी सहज सांगितलं, जसं आपण उंच माणसाला माळ्यावरचं काढायला सांगतो. २०१६ मध्ये रॉयटर्सने देशातल्या बेकायदा अभ्रक खाणींवर वार्तांकन केलं, तेव्हा दोन महिन्यांत सात मुलं दगावल्याचं आणि यातले मृत्यू दडपले जात असल्याचं पुढे आलं. २०१९ मध्ये राष्ट्रीय बालहक्क आयोगाच्या पाहणीत झारखंड-बिहारच्या अभ्रक पट्ट्यात पाच हजारांहून अधिक मुलं शाळेबाहेर आढळली. सौंदर्यप्रसाधनांच्या आणि रंगांच्या जागतिक कंपन्या खडबडून जाग्या झाल्या, २०१७ मध्ये त्यांनी मिळून 'रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह' सुरू केला. बालहक्कांसाठी काम करणाऱ्या कैलाश सत्यार्थींच्या संघटनेने काही गावं 'बालमित्र ग्राम' केली. फरक पडलाय, असं शाळामास्तर सांगतात, आणि तो पडला असावा. तरी परवान्याविना ढिबरा वेचणं कायद्याच्या नजरेत चोरीच. त्यामुळे वेचणारी बाई वनरक्षकाला घाबरते, तिच्याकडून घेणारा पैकार पोलिसाला. ही भीती प्रत्येक टप्प्यावर भावातून कापली जाते, आणि कापता कापता तळाशी उरतो तो दिवसाचा रोज. ढिबऱ्याला कायदेशीर करा, सहकारी संस्था काढा, ही मागणी जुनी आहे. दर निवडणुकीत ती व्यासपीठावर येते.

एरवी गाव आपल्या चालीने चाललेलं आहे. कलाकंद इथला नामांकित. रवाळ, फिका केशरी, आपल्याकडे मिळतो त्याच्याहून कमी गोड, आणि पाव किलोवर थांबणं कठीण. जवळच बराकर नदीवर तिलैया धरण आहे, दामोदर खोरे महामंडळाचं पहिलं, १९५३ मधलं. तिथून वीज मिळते ती चारच मेगावॉट, पण सुट्टीच्या दिवशी होड्या आणि भुट्टेवाले यांची चंगळ. १९६३ पासूनची सैनिकी शाळा आहे. डोमचांचकडे आता अभ्रकाऐवजी खडी फोडतात, क्रशरांच्या धुळीने झाडं पांढरी झालेली.

आणि अलीकडे एक नवीन शब्द कानावर पडायला लागला आहे: लिथियम. ज्या पेग्मटाइटमध्ये अभ्रक मिळतो त्यातच लिथियम, बेरिलियम, टँटलम असली मंडळी असू शकतात. लेपिडोलाइट नावाचा जांभळट अभ्रक असतो, त्यात लिथियमच असतं. मोबाइलच्या आणि मोटारीच्या बॅटऱ्यांना लागतं ते. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने कोडरम्याच्या भागात शोध चालवला आहे. केंद्राने २०१५ मध्ये अभ्रकाला गौण खनिजांच्या यादीत ढकललं होतं, ते २०२५च्या फेब्रुवारीत परत मुख्य खनिजांत आणलं, त्याचंही कारण हेच. अभ्रकासाठी अभ्रक आता कुणाला नको आहे, त्याच्या शेजाऱ्याला भाव आला आहे.

तिलैयातल्या एका बंद पेढीत जुने व्यापारी रोज संध्याकाळी चहाला जमतात. मी मुंबईहून आलोय म्हटल्यावर त्यातल्या वडीलधाऱ्यांनी मला जवळ बसवून घेतलं. आयुष्यभर प्रतवारी केलेला माणूस. त्यांना फर्माइशीत रस नव्हता, लिथियमबद्दल बोलायचं होतं. कुठल्या रंगाचं असतं, कुठवर खणावं लागतं, भाव कोण ठरवतो, चीनवाले की अमेरिकेवाले. मला माहीत होतं तेवढं मी सांगितलं. त्यांनी कपातला चहा संपवला, मांडीवरचा पंचा झटकला आणि विचारलं, 'और उसमें ग्रेड कैसे लगाते हैं?'

यंत्राने, मी म्हणालो. पूड करून, प्रयोगशाळेत.

'हाथ से नहीं?'

नाही म्हटल्यावर त्यांनी मान हलवली आणि पोराला आणखी एक चहा सांगितला.